सुविचाराखालचे नाव खरे की चिकटवलेले? मूळ कर्त्यापर्यंत पोहोचायची वाट

बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका दुकानात गल्ल्यामागे जुनी पाटी आहे. काचेआडचा कागद पिवळा पडलाय, कडेने उदबत्तीच्या धुराची काळसर रेघ उमटली आहे. मजकूर गुजरातीत. मराठीत सांगायचा तर साधारण असा: "ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा. तो आपल्यावर अवलंबून नाही, आपण त्याच्यावर अवलंबून आहोत. तो आपल्या कामातला अडथळा नाही, तोच आपल्या कामाचे प्रयोजन आहे." खाली नाव, महात्मा गांधी. बँकेत, टपाल कार्यालयात, किराणा दुकानात कुठे ना कुठे तुम्हीही ही पाटी वाचली असेल.

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेत एका वर्षी जाहिरातींच्या पानावर हाच मजकूर याच नावाने छापून गेला. मुद्रितशोधन माझ्याकडे होते. ऱ्हस्व-दीर्घ मी डोळ्यांत तेल घालून तपासले, नाव मात्र तपासले नाही. अंक वाटून झाल्यावर एका ज्येष्ठ वाचकांचा फोन आला. आवाजात राग नव्हता, फक्त प्रश्न होता: "ताई, हे बापूंनी कुठे म्हटलंय?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतर एकेका वाक्यामागे लागत जी पद्धत हाताला बसली ती इथे सविस्तर लिहिते आहे. स्मरणिका काढणारे, शाळेत फळ्यावर सुविचार लिहिणारे, निवेदन करणारे, व्याख्याने देणारे अशा सगळ्यांना ती उपयोगी पडेल.

आधी वाक्य जसेच्या तसे उतरवून घ्या

वहीचे एक पान एका वाक्याला द्या. वाक्य कुठे दिसले, कोणत्या भाषेत, कोणत्या नावाने, सोबत गाव किंवा साल दिले आहे का, हे सगळे लिहा आणि फोटो काढा. शुद्धलेखन सुधारू नका, कारण चुकीच्या वेलांटीवरूनही पुढे कळते की कोणी कोणाची नक्कल केली.

मग त्याच वाक्याची आणखी चार-पाच रूपे गोळा करा. ग्राहकाच्या पाटीची लांब आणि आखूड अशी दोन्ही रूपे मिळतात. काहींच्या शेवटी "सेवेची संधी देऊन तो आपल्यावर उपकार करतो" असे एक वाक्य जास्त असते, काहींत ते नसते. काही पाट्यांवर खाली "दक्षिण आफ्रिका, 1890" असेही छापलेले असते. सगळी रूपे एकाखाली एक लिहिली की प्रत्येकात टिकून राहिलेले शब्द उठून दिसतात. शोध त्या शब्दांचा करायचा. बाकीचे तोंडातोंडी बदलत गेलेले असतात.

नाव आणि काळ यांची गाठ घालून पाहा

सगळ्यांत स्वस्त तपासणी ही, आणि ती बहुतेक जण करत नाहीत. पाटीवर 1890 म्हटले आहे. गांधीजी सप्टेंबर 1888 मध्ये बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेले, 1891 मध्ये परतले, आणि दक्षिण आफ्रिकेत पहिल्यांदा पोचले ते 1893 मध्ये. म्हणजे 1890 साली ते लंडनमध्ये विद्यार्थी होते. पाटीवरचे गाव आणि साल जागच्या जागी खोटे ठरले. वाक्य त्यांचे नाही हे अजून सिद्ध झालेले नाही, पण पाटी लिहिणाऱ्याने काही पाहून लिहिले नव्हते एवढे नक्की झाले.

मेकॉलेच्या नावाने फिरणारा उतारा असाच. "मी भारतभर फिरलो, एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे" अशा आशयाचा, आणि खाली "ब्रिटिश पार्लमेंट, 2 फेब्रुवारी 1835". त्या तारखेला मेकॉले लंडनमध्ये नव्हता, हिंदुस्थानात होता. त्याच तारखेचे त्याचे शिक्षणविषयक टिपण खरोखर आहे, ते छापील उपलब्ध आहे, आणि त्यात हे वाक्य नाही. खऱ्या दस्तऐवजाची तारीख उचलून खोट्या उताऱ्याला लावली की तो वजनदार वाटतो. म्हणून सोबत नेमकी तारीख दिसली की निश्चिंत होऊ नका, ती तारीख त्या माणसाच्या चरित्राशी ताडून बघा.

वाक्य मूळ कोणत्या भाषेतले असेल?

इथे आपण बडोदेकर थोडे भाग्यवान आहोत. घरात मराठी, बाजारात गुजराती, टीव्हीवर हिंदी, शाळेत इंग्रजी. एकच वाक्य चार भाषांत मनातल्या मनात उलटवून पाहणे आपल्याला जड जात नाही, आणि या कामात त्याचा फार उपयोग होतो.

गांधीजींचे पुष्कळ लेखन मूळ गुजराती आहे. त्यांच्या नावाचे मराठी वाक्य बहुधा गुजरातीवरून इंग्रजीत आणि इंग्रजीवरून मराठीत आलेले असते. मराठी शब्दांवरून शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. "जगात जो बदल पाहायचा आहे तो आधी स्वतः व्हा" हे वाक्य घ्या. या रूपात ते गांधीजींच्या लेखनात सापडत नाही. इंग्रजीतले या घडणीचे वाक्य छापील मिळते ते 1974 मध्ये, ब्रुकलिनमधल्या आर्लीन लॉरन्स या शिक्षिकेच्या लेखनात. पण गांधीजींच्या लेखनात त्याच्या जवळचा विचार मात्र आहे. 1913 साली "इंडियन ओपिनियन"मध्ये आरोग्यावरची त्यांची गुजराती लेखमाला चालू होती. तिच्यातल्या सर्पदंशावरच्या लेखात ते म्हणतात, आपण जगाचे प्रतिबिंब आहोत, आपण स्वतःला बदलू शकलो तर जगातल्या प्रवृत्तीही बदलतील. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी तो लेख पुन्हा पुन्हा वाचला. सापाबद्दलची भीती आणि वैर यांविषयी बोलता बोलता ते तिथवर येतात. फलकावरच्या सुटसुटीत वाक्यात साप नाही, भीती नाही, आणि पुढे काय करायचे याचा विचारही नाही.

तेव्हा वहीच्या पानावर "संभाव्य मूळ भाषा" असा रकाना करा आणि त्या भाषेत वाक्य कसे असेल याचे दोन-तीन तर्क लिहा. ग्राहकाच्या पाटीत "आपल्याकडे येणारा पाहुणा", "कामातला अडथळा", "कामाचे प्रयोजन" असे शब्द आहेत. हा गुजराती किंवा मराठी बोलण्याचा वळसा नव्हे. इंग्रजीतल्या विक्रीशास्त्राची ही भाषा आहे. शोध इंग्रजीत करायचा हे तिथेच ठरले.

शोध कसा घ्यायचा

पूर्ण वाक्य कधीच टाकू नका. न बदललेले तीन ते पाच शब्द अवतरणचिन्हांत टाका, आणि त्यांच्याबरोबर माणसाचे नाव अजिबात टाकू नका. नाव टाकले की त्या नावाने केलेल्या हजारो नकलाच पुढे येतात. "डिपेंडंट ऑन अस" (किंवा "अपॉन अस") आणि "इंटरप्शन" हे दोन तुकडे रोमन लिपीत लिहून गूगल बुक्समध्ये 1950 पूर्वीची मर्यादा घालून पाहा. 1940 च्या दशकातल्या अमेरिकन व्यापारी मासिकांत हा मजकूर सापडतो, आणि 1941 मध्ये तो स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ बी. इलियट यांच्या नावाने छापलेला आहे. त्या वेळी गांधीजी हयात होते, पण त्या छापील मजकुरात त्यांचे नाव कुठे नाही. त्यांचे नाव खूप नंतर आले.

तारखेची मर्यादा घालण्यात एक सापळा आहे. गूगल बुक्सवर मासिकाच्या बांधलेल्या खंडाला कधी कधी मासिक सुरू झाल्याचे साल लावलेले असते. 1922 दिसते आणि आत 1958 चा अंक निघतो. म्हणून त्याच खंडात पुढची साले, "1950", "1955", अशी टाकून पाहा. ती सापडली तर खंड नंतरचा आहे. आणि तीन ओळींच्या तुकड्यावर कधीच भरवसा ठेवू नका. मुखपृष्ठ आणि ते पान पूर्ण दिसले पाहिजे.

इंटरनेट आर्काइव्हवर शोधताना "पुस्तकाच्या आतल्या मजकुरात शोधा" हा पर्याय निवडावा लागतो. नाहीतर तो फक्त शीर्षक, लेखक अशा नोंदींत शोधतो. तिथे जुन्या मराठी पुस्तकांचे स्कॅन भरपूर आहेत, पण देवनागरीचे यंत्रवाचन जोडाक्षरांपाशी अडखळते. जुने मराठी शोधताना हे दोन उपाय करा.

एक, जोडाक्षरे नसलेले शब्द निवडा. "शास्त्रग्रंथ" सापडणार नाही, पण "मनुजा" सापडेल.

दोन, जुन्या लेखनपद्धतीप्रमाणे टाका. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत "नाहीं", "केलें", "त्यानें", "कांहीं" असे अनुस्वार असत. आजच्या पद्धतीने "नाही" टाकले तर शंभर वर्षांपूर्वीचे पान समोर असूनही हाती लागत नाही. मी प्रत्येक वाक्य दोन्ही पद्धतींनी टाकते.

गांधीजींसाठी गांधी हेरिटेज पोर्टल आहे. संकलित वाङ्मयाचे इंग्रजी 100 खंड, गुजराती "अक्षरदेह" आणि हिंदी आवृत्ती तिथे मिळते. डॉ. आंबेडकरांसाठी महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेले लेखन आणि भाषणांचे खंड पाहायचे. बाबासाहेबांचे नाव घेताना तर हे कष्ट घ्यायलाच हवेत असे मला वाटते. सयाजीबागेतल्या संकल्पभूमीपाशी 1917 मधला त्यांचा अपमान आठवत उभे राहायचे आणि त्यांच्या तोंडी कोणाचेही वाक्य घालायचे, हे बरोबर नाही.

संतवाणी, आर्या आणि सुभाषिते

मराठी माणसाला सगळ्यांत जास्त काम इथे पडते, म्हणून थोडे थांबते.

पहिली खूण छंदाची. आपल्याकडे एक जुनी आर्या आहे: "सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची। ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची॥" शाळेत आपण ती पाठ केली ती कौतुकाने. पण नावे कशी सरकतात हेही ती सांगते. अभंग दिसला की तुकाराम, आर्या दिसली की मोरोपंत, उपदेशाची ओवी दिसली की रामदास, अशी आपल्या मनाला सवय लागलेली आहे. निनावी रचना त्या त्या घराण्याच्या सगळ्यांत मोठ्या नावाखाली जाऊन बसते.

उदाहरण घरोघरचे: "केल्याने देशाटन, पंडितमैत्री, सभेत संचार। शास्त्रग्रंथविलोकन, मनुजा चातुर्य येतसे फार॥" हे मोरोपंतांचे म्हणून सांगितले जाते. आता बोटांवर मात्रा मोजा. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घ, अनुस्वाराच्या किंवा जोडाक्षराआधीच्या अक्षराची दोन. के-ल्या-ने-दे-शा या पाच दीर्घांच्या दहा, ट-न च्या दोन, झाल्या 12. "पंडितमैत्री सभेत संचार" च्या शेवटचे अक्षर दीर्घ धरून 18. दुसऱ्या ओळीतही 12 आणि 18. म्हणजे ही मराठीत आर्या म्हणून ओळखली जाणारी गीती. कोणी तुम्हाला ही मोरोपंतांच्या "केकावली"तली म्हणून सांगितली तर लगेच नाही म्हणता येते, कारण "केकावली" पृथ्वी वृत्तात आहे. तिच्यातले "सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानी पडो" मोठ्याने म्हणून पाहा, चाल वेगळी आहे हे कानालाच कळेल.

छंद जुळला म्हणून कर्ता सिद्ध होत नाही. छंद फक्त न बसणारी नावे वगळायला उपयोगी पडतो. पुढची पायरी म्हणजे विचार कुठून आला ते पाहणे. संस्कृतात एक सुभाषित आहे:

देशाटनं पण्डितमित्रता च वाराङ्गना राजसभाप्रवेशः।
अनेकशास्त्रार्थविलोकनं च चातुर्यमूलानि भवन्ति पञ्च॥

चातुर्याची पाच मुळे. मराठीत मोजून पाहा, चारच आहेत. वाराङ्गना, म्हणजे गणिका, मराठीत येताना गळली आणि राजसभेची नुसती "सभा" झाली. हे गळणे मोलाचे आहे. ते सांगते की मराठी आर्या हे रूपांतर आहे, आणि रूपांतर करणाऱ्याच्या डोळ्यासमोर घरातली आणि शाळेतली मुले असावीत. तेव्हा "मूळ कर्ता कोण" या प्रश्नाचे इथे दोन भाग होतात: विचार कोणाचा आणि मराठी शब्द कोणाचे. मोरोपंतांचे नाव सांगणाऱ्याला कोणता ग्रंथ आणि कितवी आर्या, एवढे विचारा. क्रमांक मिळेपर्यंत मी "संस्कृत सुभाषितावरून, मोरोपंतांची म्हणून प्रसिद्ध" असे छापते.

संस्कृत सुभाषितांसाठी निर्णयसागर छापखान्याचे "सुभाषितरत्नभाण्डागार" हाताशी ठेवा. विषयवार मांडणी असल्याने अर्थावरूनही शोधता येते. चाणक्याच्या नावाने फिरणारे पुष्कळसे तिथे विनानावाचे भेटेल.

दुसरी खूण मुद्रेची, म्हणजे अभंगाच्या शेवटच्या नावाची: "तुका म्हणे", "नामा म्हणे", "एका जनार्दनी". ही खूण जितकी सोयीची तितकीच फसवी, कारण "तुका म्हणे" लिहायला कोणालाही अडवणारे कोणी नाही. "नामा" मुद्रेखाली ज्ञानेश्वरकालीन नामदेवांबरोबर पुढच्या काळातले विष्णुदास नामाही येतात. बहिणाबाई या नावाचाही असाच घोळ होतो. "ज्ञानदेवे रचिला पाया" म्हणणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. "अरे संसार संसार" म्हणणाऱ्या बहिणाबाई चौधरी विसाव्या शतकातल्या, खानदेशातल्या. मी एका कार्यक्रमपत्रिकेवर दोघींच्या ओळी एकाच फोटोखाली पाहिल्या आहेत.

मग करायचे काय? छापील, क्रमांक असलेल्या प्रतीत शोधायचे. तुकोबांसाठी 1950 मध्ये सरकारने छापलेली गाथा, साडेचार हजारांवर अभंगांची. रामदासांसाठी "दासबोध": वीस दशक, प्रत्येकात दहा समास, एकूण 7,751 ओव्या. "दासबोधात आहे" एवढ्यावर समाधान मानू नका. दशक, समास, ओवी असे तीन आकडे मागा. आकडे देता आले नाहीत तर समोरच्याने पान पाहिलेले नाही असे समजा.

म्हणींना मात्र कर्ता शोधत बसू नका. तिथे सगळ्यांत जुनी नोंद मिळाली की झाले. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश पाहा. एखादी म्हण 1857 च्या कोशात असेल तर ती विसाव्या शतकातल्या लेखकाची नाही, एवढे नक्की होते.

बडोद्यातल्या ग्रंथालयांत

पडद्यावर सापडेनासे झाले की मी मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाते. सयाजीरावांनी 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्याची ग्रंथालय व्यवस्था उभी केली. आजही लोखंडी मांडण्या आणि उजेड खाली झिरपावा म्हणून घातलेली काचेची जमीन तिथे आहे. मराठी आणि गुजराती जुनी पुस्तके एका छपराखाली मिळणे हे आपले वैभव आहे. जाताना वहीचे ते पान घेऊन जा. ग्रंथपालांना "गांधीजींचे एक वाक्य हवे आहे" असे सांगू नका, "अक्षरदेहाचा अमुक सालाचा खंड हवा" असे सांगा. काम तिप्पट वेगाने होते.

दुसरी जागा विद्यापीठाचे प्राच्यविद्या मंदिर. वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती इथे तयार झाली, 1960 ते 1975 या काळात सात खंडांत. आपल्याच गावात हे काम झाले आणि आपणच ते न पाहता "जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी" खाली "वाल्मीकि रामायण" छापतो, याचे मला वाईट वाटते. "अपि स्वर्णमयी लङ्का न मे लक्ष्मण रोचते" ही प्रसिद्ध पूर्वओळ घेऊन येणारा तो श्लोक या आवृत्तीच्या निश्चित संहितेत नाही. काही छापील प्रतींत युद्धकांडात "मित्राणि धनधान्यानि" अशी वेगळी सुरुवात असलेला श्लोक भरद्वाजांच्या तोंडी आहे, त्याचा उत्तरार्ध हाच.

चिकित्सक आवृत्ती वाचायची रीत समजून घ्या. पानावर वर संपादकांनी अनेक हस्तलिखिते ताडून ठरवलेली संहिता असते, खाली पाठभेद, आणि काही हस्तलिखितांतच मिळणाऱ्या ओळी तारांकित करून दिलेल्या असतात. वर नाही म्हणून "कोणीतरी रचून घुसडले" असा निकाल देऊ नका. खाली पाहा, कोणत्या लिपीतल्या, कोणत्या प्रदेशातल्या पोथ्यांत ते आहे ते टिपा.

पान सापडल्यावर मागचे-पुढचे वाचा

कर्ता बरोबर निघाला तरी काम संपत नाही. "सामर्थ्य आहे चळवळीचे, जो जो करील तयाचे" हे रामदासांचेच, दासबोध 20.4.26. पण ओवी तिथे संपत नाही. पुढे "परंतु येथें भगवंताचें अधिष्ठान पाहिजे" आहे, आणि त्या "परंतु"ने सगळा तोल बदलतो. कित्येक फलकांवर तो अर्धा भाग नसतो.

शिवाय वाक्य कोणाच्या तोंडचे आहे ते पाहा. नाटकातले, कादंबरीतले पात्र बोलले म्हणजे लेखक बोलला असे नव्हे. आणि लेखक दुसऱ्याचे मत खोडण्यासाठी आधी मांडत असेल तर तेही त्याच्या नावावर जाऊ नये. निदान मागची दोन पाने आणि पुढचे एक पान वाचल्याशिवाय वही मिटू नका.

नाव का सरकले तेही शोधा

मूळ नाव सापडले, पण चुकीचे नाव कसे चिकटले हे कळले नाही तर तुमचे कोणी ऐकत नाही. आजवर मला भेटलेली कारणे थोडक्यात सांगते.

सारांशाचे वाक्य होते. "तुझे मत मला पटत नाही, पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन" हे व्होल्तेरचे म्हणून प्रसिद्ध आहे. लिहिले आहे एव्हलिन बीट्रिस हॉल यांनी, 1906 च्या व्होल्तेरवरील पुस्तकात, त्याची वृत्ती आपल्या शब्दांत सांगताना. वाचणाऱ्यांनी त्याला अवतरणचिन्हे लावली.

टोपणनाव एकच असते. "सरफरोशी की तमन्ना" रामप्रसाद बिस्मिल यांनी अजरामर केले, रचना बिस्मिल अज़ीमाबादी यांची.

प्रसिद्ध नाव कमी प्रसिद्ध नावाला गिळते. "कोशिश करने वालों की हार नहीं होती" ही सोहनलाल द्विवेदींची कविता हरिवंशराय बच्चन यांच्या नावाने इतकी फिरली की खुद्द अमिताभ बच्चन यांना खुलासा करावा लागला. "आधी ते तुमची दखल घेत नाहीत, मग हसतात" हे गांधीजींच्या नावाचे वाक्यही असेच. त्याच घडणीचे बोल निकोलस क्लाइन यांनी 1918 मध्ये अमेरिकेतल्या तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या अधिवेशनात काढले होते. व्हॉट्सॲपवर पु.ल. आणि वपु यांच्या नावाचे तेच होते आहे. ज्याने खरोखर रात्री जागून चार ओळी लिहिल्या त्याचे नाव कायमचे पुसले जाते, आणि पु.लं.च्या माथी सुमार विनोद येतात. दोघांवरही अन्यायच होतो.

आणि लिहून देणारा वेगळा असतो. श्रीअरविंद 1893 ते 1906 बडोद्यात होते आणि सयाजीराव महाराजांच्या काही भाषणांच्या मसुद्यांत त्यांचा हात होता. अशा भाषणातले वाक्य महाराजांचे म्हणायचे की अरविंदांचे? मी महाराजांचेच लिहिते, कारण ते म्हणून त्याची जबाबदारी त्यांनी घेतली होती. मसुदा दुसऱ्याचा असल्याचा पुरावा असेल तर तो कंसात देते.

काय छापायचे

निकालाचे चार दर्जे पुरतात. पान पाहिले असेल तर नाव, ग्रंथ, क्रमांक किंवा साल. जुने पान मिळाले पण तेच पहिले याची खात्री नसेल तर "सर्वांत जुनी सापडलेली नोंद" आणि साल. परंपरेने नाव सांगतात पण पान नाही, तर "अमुक यांचे म्हणून प्रसिद्ध". काहीच नाही, तर "अज्ञात". जागा कमी पडते म्हणून "सर्वांत जुनी सापडलेली नोंद" किंवा "म्हणून प्रसिद्ध" अशा शब्दांना कात्री लावू नका, वाक्य हवे तर दुसरे निवडा. आणि "गांधीजी असे कधीच म्हणाले नाहीत" असे लिहू नका. "त्यांच्या संकलित वाङ्मयात हे वाक्य नाही" इतकेच तुम्ही दाखवू शकता, आणि तेवढे पुरते.

शोध कोणत्या दिवशी, कुठे, कोणते शब्द टाकून घेतला तेही पानावर लिहा. उद्या नवा स्कॅन आला आणि आधीचे साल निघाले तर तिथूनच पुढे जाता येते. माझ्या ग्राहकाच्या पानावर 1941 पुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे ते म्हणूनच.

चूक दुसऱ्याची असेल तर चारचौघांत सांगू नका. दुकानात मी गर्दी नसताना दुपारी गेले, छापील पानाची प्रत घेऊन. मालकांना काका म्हणते, वीस वर्षांची ओळख आहे. म्हटले, "काका, या पाटीवरचं बोलणं चांगलंच आहे, फक्त नाव दुसऱ्याचं आहे. बघा बरं." त्यांनी चष्मा लावून स्टुडबेकरचे नाव दोनदा वाचले, आणि म्हणाले, "माझ्या वडिलांनी लावलेली पाटी आहे, काढवणार नाही." मी काढा म्हटलेही नव्हते.

पुढच्या स्मरणिकेत आम्ही तोच मजकूर पुन्हा छापला, खाली अशी ओळ देऊन: "केनेथ बी. इलियट यांच्या नावाने छापील, अमेरिका, 1941 (सापडलेली सर्वांत जुनी नोंद). मागील अंकात महात्मा गांधी असे छापले होते, ते चूक." तो अंक मी दुकानात देऊन आले. गेल्या आठवड्यात गेले तर पाटी तिथेच होती, आणि चौकटीच्या खालच्या कडेला अंकातून कापलेली ती ओळ चिकटपट्टीने लावलेली होती.